आधी माफी, मग गुन्हा

गाठबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्याआधी कित्येक वर्षं तो साडेपाचला सुरू होत होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली आणि ती पाचला उठते असं दिसलं. दुसऱ्याच दिवसापासून गाठबाई साडेचारला उठू लागली. एवढ्या लवकर करण्यासारखं काही नसायचं. ती पाणी तापत ठेवायची, ओटा पुन्हा एकदा पुसायची आणि धाकटी डोळे चोळत बाहेर आली की म्हणायची, "उठलीस? बरं झालं. माझं सगळं आवरलं."

"मला हाक मारायची ना, ताई," धाकटी म्हणायची. त्यात टोमणा नसायचा. गाठबाईला राग यायचा तो त्याचाच. भांडकुदळ जाऊ परवडली. चांगल्या जावेचं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.

घर दोन खोल्यांचं. दोघे भाऊ लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे आणि संध्याकाळी जेवून आडवे व्हायचे. त्यांचा या गोष्टीत फारसा हात नाही. सासू खाटेवर. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. कुणी भेटायला आलं की ती धाकटीच्या हाताचं कौतुक करायची. काय हलका हात, पायाला तेल लावते तर कळतसुद्धा नाही. आलेला माणूस मग रीत म्हणून विचारायचा, आणि मोठीचा? "मोठीचा भक्कम," सासू म्हणायची. "तिनं गाठ मारली की सरणावरच सुटायची."

ते खोटं नव्हतं. गाठबाई हे नावच तिला त्यावरून पडलं होतं, तेही घरात नव्हे, कामावर. ती पुस्तक बांधणीच्या कारखान्यात शिवणीला होती. लग्नाच्या आधीपासून तेच काम. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा तयार व्हायचा. असे सगळे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवले की पुस्तक जुळलं. मग ते शिवायचं, पाठीला सरस लावायचा, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. गाठबाईने शिवलेलं पुस्तक पाठीवर उलटं मोडलं तरी पान सुटत नसे. दोरा ओढताना तिची करंगळी कापली जायची. तिथे घट्टा पडला होता. चांगल्या कामाचा दाखला पगारात दिसत नाही, कातडीत दिसतो.

धाकटीला कामावर तिनेच आणलं. सासूने म्हटलं म्हणून आणलं, पण चारचौघींत सांगताना ती म्हणायची की मीच तिला वर काढलं. पहिले काही महिने ते खरं वाटावं असंच होतं. धाकटीच्या घड्या वाकड्या यायच्या. गाठबाई त्या उलगडून पुन्हा घालून दाखवायची, घडी दाबायची हाडाची पट्टी कशी धरायची ते सांगायची, आणि त्या दिवसांत तिला धाकटी खरोखर आवडायची. शिकणारं माणूस कुणालाही आवडतं. शिकलेलं आवडायला मोठं मन लागतं.

धाकटी शिकली. मुकादमाने तिला घडीवरून उचललं आणि जुळणीच्या टेबलावर ठेवलं.

जुळणीचं टेबल लांबलचक, खिडकीच्या कडेने गेलेलं. त्यावर फर्म्यांचे ढीग क्रमाने मांडलेले. बाई एका टोकाहून निघते, चालता चालता प्रत्येक ढिगातला एक फर्मा उचलते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या हातात एक पुस्तक जमतं. ते ठोकून सरळ करायचं, ठेवायचं, पुन्हा पहिल्या टोकाला. दिवसभर. फर्म्याच्या तळाशी बारीक अंक छापलेला असतो. काम सुरू करताना पहिली प्रत कुणाला तरी अंक मोठ्याने वाचून दाखवायची, त्याला ताळा म्हणतात. एकदा ताळा झाला की अंक बघायचा नाही. बघत बसलं तर संध्याकाळपर्यंत काम निम्मंही होत नाही. मग हातावर सोडायचं. हाताला ढीग माहीत होतात.

धाकटीच्या हाताला ते इतक्या लवकर माहीत झाले की बाया काम थांबवून बघायच्या. ती चालायची ते चालणं वाटायचं नाही. कागदाचा आवाजही एका लयीत यायचा. मुकादम फाटक्या तोंडाचा होता, पण तिच्याबद्दल एकदा म्हणाला की ही बाई टेबलावरून जाते आणि पुस्तकं आपणहून उठून तिच्या मागे येतात. सगळ्या हसल्या. गाठबाईपण हसली. त्या दिवशी तिने दोरा इतका ओढला की कागद फाटला.

तिला ते टेबल कधी हवं होतं असंही नाही. तिचे पाय दुखायचे, तिला बसूनच काम बरं. पण आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला मिळाली की ती एकदम आपली वाटू लागते. खिडकी, उजेड, मुकादमाचं बोलणं, घरी गेल्यावर सासूने "दमली असेल पोर" म्हणणं. गाठबाई त्याच कारखान्यातून, त्याच रस्त्याने, तिच्याच बरोबर घरी यायची. ती दमत नव्हती काय?

त्या दिवशी जुळणीला एक कादंबरी होती. जाड पुस्तक. सकाळी ताळा झाला. धाकटीने अंक वाचले, गाठबाईनेच ऐकले, सगळं बरोबर होतं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. धाकटी डबे धुवायला नळावर गेली. दोघींचे डबे. "द्या ताई, मी आणते धुऊन," म्हणाली आणि घेऊन गेली. गाठबाई टेबलाशी उभी राहिली. अकराव्या फर्म्यांचा ढीग, शेजारी बाराव्यांचा. तिने एक उचलून बाजूला ठेवला, दुसरा सरकवला, पहिला त्याच्या जागी ठेवला. कडा हाताने सारख्या केल्या. कामात ढिलाई तिला कधीच खपली नाही, यातही नाही.

तिच्या मनात फार मोठं काही नव्हतं. धाकटी थोड्या प्रती जुळवेल. मग आपण सहज जवळून जायचं, एक प्रत उचलायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि मुकादमाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचं, अगं, लक्ष कुठे आहे तुझं? एवढंच. एक दुपार तिची मान खाली असावी, हीच भूक होती.

पण दुपारी मालक आले. ते फारसे कारखान्यात येत नसत. आले ते थेट टेबलाशी उभे राहिले आणि धाकटीचं चालणं बघू लागले. मग मुकादमाला म्हणाले की काम असं असतं. आणि तिने जुळवलेली चवड स्वतः उचलून शिवणीच्या बायांपुढे ठेवली. त्यातली वरची प्रत गाठबाईपुढे आली. मालक हसून म्हणाले, "तुमच्याच घरातली ना? नशीब काढलंत."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं की सगळं तिथेच थांबलं असतं. गाठबाईला तो शब्द ओठांवर जाणवला आणि मागोमाग दुसरा विचार आला, नशीब मी काढलं काय? हिने काढलं. तिने सुई ओवली आणि शिवायला घेतलं. अकराच्या जागी बारा, बाराच्या जागी अकरा, आणि त्यांवर तिची सरणावर सुटणारी गाठ.

संध्याकाळपर्यंत ढीग संपले. शिवलं, सरस लागला, कडा कापल्या, पुठ्ठे चढले, गठ्ठे बांधून गाडीत गेले. रोज ती स्वतःला सांगायची की उद्या बोलू. मग उद्या बोलण्यासारखं काही कारखान्यात उरलंच नाही.

काही आठवड्यांनी लेखक आला. बुटका, चष्मेवाला, कोपरांना विटलेला कोट. हातात त्याचं पुस्तक. बाहेर मालकांच्या खोलीत बसायचं सोडून तो सरळ आत आला, कारण त्याला ते कुणी केलं हे बघायचं होतं. त्याने पुस्तक उघडलं आणि मुकादमाच्या नाकाशी धरलं. त्याच्या कादंबरीत एक नावाडी होता. पुराच्या दिवशी तो रागाने आपल्या सोबत्याच्या नावेचा दोर सोडून देतो. नाव वाहून जाते, सोबती देशोधडीला लागतो. वर्षं जातात. नावाडी त्याला शोधत जातो, केलेलं सांगतो, आणि मग कुठे सोबती त्याला जवळ घेतो. पण या पुस्तकात पान उलटल्यावर काय होतं? लेखकाने वाचून दाखवलं. पानाच्या शेवटी होतं, 'त्याने दोराला हात घातला आणि'. पुढच्या पानावर होतं, 'दोघे एकमेकांना पोटाशी धरून रडले.'

"माझ्या माणसाला गुन्हा करायच्या आधीच माफी मिळाली आहे," लेखक म्हणाला.

"नशीबवान आहे," मुकादम म्हणाला. बाया तोंडावर पदर धरून हसल्या. लेखक हसला नाही. त्याने त्या ओळीवर बोट तसंच दाबून धरलं होतं. त्या पुस्तकावर त्याची कित्येक वर्षं गेली होती, आणि मेहनतीचा माणूस मेहनतीच्या माणसाला लगेच ओळखतो. हसणं आपोआप थांबलं.

मालक आले. जुळणी कुणाची, असं त्यांनी विचारलं. धाकटी पुढे झाली आणि म्हणाली, माझी. तिने प्रत हातात घेतली, अंक पाहिले, पुन्हा पाहिले. तिचा चेहरा असा झाला, जणू आपल्याच घराचं दार आपल्याला ओळखत नाही. मालकांनी आवाज चढवला नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले.

गाठबाईच्या पोटात त्या क्षणी काय झालं, हे तिला नंतर स्वतःशीही कबूल करायला जड गेलं. आधी गुदगुल्या झाल्या. मग लगेच भीती वाटली. दया यायला बराच वेळ लागला.

धाकटी घरी बसली. सासू दोन दिवस कुणाला नावं ठेवू असं शोधत राहिली आणि शेवटी मालकांना ठेवली. घरात धाकटीला कुणी बोललं नाही. उलट सगळेच तिच्याशी हळू बोलू लागले. दिराने तिच्यासाठी नवी चप्पल आणली. गाठबाई पहाटे साडेचारला उठायची आणि शांत ओट्यासमोर उभी राहून विचार करायची की खाली पडली तरी हिलाच उचलून घेतात. आपण कधी पडलोच नाही, म्हणून आपल्याला कुणी उचललं नाही. हा मत्सर आधीच्यापेक्षा वाईट होता. आधी निदान कौतुकाचा होता. आता कीवेचाही झाला होता.

पण तिचे डोळे काही बंद नव्हते. धाकटी आमटीत मीठ घालायची, चाखायची आणि थोड्या वेळाने पुन्हा चाखायची. दाराची कडी लावून खाटेपर्यंत जायची, परत येऊन कडी हलवून बघायची. सासूच्या पायाला तेल लावताना मधेच थांबायची, जणू कुठला पाय झाला हे विसरली. सासू एकदा म्हणाली, "हात जड झाला गं तुझा." धाकटीने हात मागे घेतले आणि पदराखाली झाकले. गाठबाई दारात उभी होती. कित्येक महिने हेच वाक्य सासूच्या तोंडून ऐकायची तिची इच्छा होती. ऐकलं, आणि तोंडाला चव राहिली नाही.

आपण तिचं काम घालवलं असं तिला तोवर वाटत होतं. काम काय, दुसरं मिळतं. आपण तिचा हातावरचा विश्वास घालवला होता. कष्टकऱ्याकडे दुसरं असतं काय?

खाई त्याला खवखवे. गाठबाई मालकांकडे गेली. खरं सांगायला नव्हे, तेवढा दम अजून नव्हता. तिने वेगळाच सौदा मांडला. दुकानांतून परत आलेली पुस्तकं रद्दीत घालू नका. मी सुट्टीच्या दिवशी येऊन एकेक उसवते, फर्मे बदलते, पुन्हा शिवते. मजुरी नको. मात्र जुळणीला माझ्या जावेला घ्या. पोर आहे, एकदा चुकली. मालक हो म्हणाले. बाई घरच्या माणसासाठी किती करते, असं त्यांना वाटलं असावं. ते मुकादमाला तसं म्हणालेही. गाठबाईला त्या कौतुकाने चटका बसला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं आलं.

सगळी पुस्तकं परत आली नव्हती. काहींनी घेऊन नुसती फळीवर ठेवली होती, त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. एका वाचकाने तर दुकानदाराला सांगितलं म्हणे की असंच बरं आहे, वाचून बरं वाटलं. लेखकाला हे कळलं तेव्हा त्याने दोन दिवस अन्न घेतलं नाही, असं मुकादम सांगायचा. मुकादमाचं निम्मं सोडून द्यायचं.

उसवणं हे शिवण्याहून कठीण काम. पुठ्ठा ओढून काढायचा. पाठीवर खळ थापायची आणि वाळलेला सरस मऊ होईपर्यंत थांबायचं. मग बोथट सुरीने खरवडायचं. घाई केली की कागदाची पाठ सोलून येते. प्रत्येक फर्मा मधोमध उघडायचा, दोरा कापायचा, फर्मा सोडवायचा. मग पाठीवरचे सरसाचे कण एकेक टोचून काढायचे आणि फर्मे दाबायला शिकंज्यात ठेवायचे. गाठबाईला स्वतःच्याच गाठी सोडवाव्या लागल्या. त्या सुटत नव्हत्या. सुरीचं टोक घालून कापाव्या लागल्या. तिची बोटं सोलली, खळीने चरचरली. तिला ते बरं वाटायचं. आपण फेडतो आहोत असं वाटायचं. मेहनत तिला येत होती. बोलणं येत नव्हतं. म्हणून बोलण्याच्या जागी ती मेहनत भरत होती.

आणि उसवता उसवता ती वाचत होती. बांधणीच्या बाया पुस्तक वाचत नाहीत, ती वजनाने ओळखतात. पण हे दोन फर्मे सारखेच हाताखाली येत होते. एका प्रतीत चार ओळी, दुसरीत पुढच्या चार. अशी तिने सगळी हकीकत तुकड्यातुकड्यांनी वाचली. नावाडी सोबत्याच्या दारात उभा राहतो. आधी तो त्याचं छप्पर शाकारून देतो, लाकडं फोडून देतो, विहिरीचा गाळ काढतो. सोबती म्हणतो, किती करतोस माझ्यासाठी. नावाड्याला ते ऐकवत नाही. शेवटी तो कुऱ्हाड खाली ठेवतो आणि सांगतो. गाठबाईला त्या नावाड्याचा राग आला. पुस्तकातल्या माणसाला काय, लेखकाने लिहिलं की तोंड उघडतं.

सुट्टीचा दिवस होता. कारखाना रिकामा. खिडकीतून ऊन टेबलावर पसरलेलं. गाठबाई खाली बसून उसवत होती आणि धाकटी सोडवलेले फर्मे जुळवत होती. जुळवत होती म्हणायचं इतकंच. प्रत्येक ढिगाशी थांबायची, फर्मा उचलायची, तळाचा अंक बोटाने दाबून वाचायची. पुढे जायची, मागे यायची, मागचा पुन्हा वाचायची. मुकादमाने आदल्या दिवशीच गाठबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही पुस्तकं संपेपर्यंत ठीक आहे. पण या चालीने टेबल चालत नाही. मला दुसरी बाई बघावी लागेल. त्याचं खोटं नव्हतं. काम काम असतं.

"ताई, एक विचारू?" धाकटी टेबलाच्या त्या टोकाहून म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझ्या मागेच बसला होतात. माझा हात चुकताना तुम्हाला दिसला नाही का?"

गाठबाईने दोरा कापला.

"नाही, म्हणजे दिसला असता तर तुम्ही सांगितलंच असतं," धाकटी घाईने म्हणाली. "तुम्हाला बोल लावत नाही. उलट माझ्यामुळे तुमचंच नाव गेलं. तुम्ही मला इथे आणलं आणि मी असं केलं. मला माफ करा, इतके दिवस म्हणायचं राहून गेलं होतं."

एकाला बोलायचं असतं आणि दुसरंच आधी बोलून मोकळं होतं. गाठबाईच्या मांडीवर अकरावा फर्मा होता. तिने तो खाली ठेवला, कडेला कड लावून, नीट.

"तुझा हात चुकला नव्हता," ती म्हणाली.

"मग?"

"ढीग मी बदलले. तू डबे धुवायला गेली होतीस तेव्हा."

धाकटीला आधी कळलंच नाही. कुठले ढीग, तिने विचारलं. गाठबाईने बोटाने दाखवले. हा तिकडे आणि तो इकडे. धाकटीने त्या दोन्ही ढिगांवर हात ठेवला. मग तिने एकच शब्द विचारला, "कशाला?"

गाठबाईला पुष्कळ उत्तरं येत होती. सासू, मुकादम, खिडकी, उजेड. ती सगळी खरी होती आणि एकही कामाची नव्हती.

"तू माझ्यापेक्षा चांगलं काम करतेस म्हणून."

धाकटी बसली नाही, रडली नाही. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले, हरवलेलं भांडं शेजारणीकडे सापडल्यावर बघतात तसे. मग ती टेबलाच्या टोकाला गेली आणि निघाली. थांबली नाही. अंक पाहिले नाहीत. कागदाचा तो एका लयीतला आवाज पुन्हा आला. एक फेरी, दुसरी, तिसरी. तिसरीला ती जवळजवळ धावत होती. मग तिने हातातली प्रत गाठबाईपुढे टाकली.

"ताळा करा, जाऊबाई."

लग्न होऊन आल्यापासून तिने ताई सोडून दुसरी हाक कधी मारली नव्हती. गाठबाईने अंक पाहिले. सगळे जागच्या जागी होते. एवढ्या सगळ्यातही तिच्या मनात जळतं काही सरकलंच. किती सहज, काय हात आहे हिचा.

"मी आमटी दोनदा चाखत होते," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, उद्या पोर झालं तर हे हात त्याला धरतील की पाडतील. हे तुम्हाला दिसत होतं. रोज दिसत होतं."

"दिसत होतं." गाठबाई उठली. "मला माफ—"

"आत्ता नाही," धाकटी म्हणाली. "आधी मालकांना सांगा. मुकादमांना सांगा, सगळ्या बायांदेखत. मग घरी सांगा. माफीचं त्यानंतर बघू. निदान एकदा तरी जुळणी बरोबर लागू दे."

मग गाठबाईने ते केलं. मालकांनी ऐकून घेतलं. ज्या बाईला त्यांनी चांगलं म्हटलं होतं तिला वाईट म्हणताना त्यांना थोडं अवघड गेलं. काढलं नाही, कारण उसवलेली पुस्तकं तशी पुन्हा शिवणारी दुसरी कुणी नव्हती. पण रोजच्या शिवणीवरून उचलून खळीच्या टेबलावर बसवलं, जिथे नव्या पोरी बसतात. मुकादम नेहमी काहीतरी बोलायचा, तो त्या दिवशी पाठ फिरवून गठ्ठे मोजायला गेला. ते तिला जास्त लागलं. बायांपैकी एक म्हणाली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दुसरी म्हणाली, म्हणूनच गाठ एवढी घट्ट बसायची. गाठबाईने ऐकून घेतलं आणि खळ ढवळली. खळीत गुठळी राहू द्यायची नाही, हे तिथेही तिला कुणी सांगावं लागलं नाही.

घरी सांगणं सगळ्यात कठीण. सासूने सगळं ऐकलं आणि पायावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्यापासून माझ्या पायाला तेल तू लावायचं. हात जड असला तरी चालेल. मला कळू दे कोण लावतंय ते." गाठबाईच्या नवऱ्याने तिच्याशी चार दिवस बोलणं टाकलं. दिराने जरा जास्त दिवस टाकलं.

धाकटीने तिला माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही. ताई ही हाक पुढच्या हिवाळ्यापर्यंत आली नाही. पण सुट्टीच्या दिवशीची जुळणी तिने चुकवली नाही. दोघी समोरासमोर बसून उरलेली पुस्तकं पुरी करत राहिल्या, लागेल तेवढंच बोलत. धाकटी जुळवायची, गाठबाई शिवायची. मालकांनी तेवढ्या पुस्तकांपुरती तिला सुई दिली होती. प्रती पुन्हा कापाव्या लागल्या, म्हणून त्या आधीपेक्षा नखभर लहान झाल्या. समास थोडे गेले. मजकूर सगळा राहिला.

प्रश्न पुठ्ठ्यांचा होता. जुने ओढून काढलेले, फाटलेले. मालक म्हणाले की कागदाचं ठीक आहे, नवे पुठ्ठे आणि वरचं कापड माझ्या खिशातून नाही. गाठबाई म्हणाली, माझ्या मजुरीतून घ्या. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं.

कापड निवडायला दोघी व्यापाऱ्याकडे गेल्या. गाठबाईने स्वस्तातलं मळखाऊ करडं कापड हातात धरलं. तेवढ्याला पुरेसं होतं, टिकाऊही होतं. धाकटी दुकानभर फिरली. एक ठाण चिमटीत धरून बघितलं, दुसरं गालाला लावून बघितलं. शेवटी वरच्या फळीवरचं एक गडद निळं काढायला लावलं. बारीक विणीचं, हात फिरवला तर पाण्यावर फिरवल्यासारखं. दुकानातलं सगळ्यात महाग. तिने ते गाठबाईपुढे टाकलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

गाठबाईने ठाण जवळ ओढलं. तिने कापडाची कड उलटी करून वीण पाहिली, दोरा ओढून पाहिला, खोट सापडते का ते पाहिलं. खोट नव्हती. मग व्यापाऱ्याला मोजायला सांगितलं.

त्या वर्षभराची गाठबाईची मजुरी त्या निळ्या कापडात गेली. पुस्तकं देखणी झाली, लेखक एकेक हातात घेऊन कुरवाळत होता. धाकटीची निवड अचूक होती. आपल्याला असं कापड निवडणं आयुष्यात जमलं नसतं, हे गाठबाईला मान्य करावं लागलं, आणि तेव्हाही तिच्या पोटात थोडं दुखलंच.